भाचीनं आणलेला चिनी काढा

इंदापूरच्या एका मंगल कार्यालयात चौथी मंगलाष्टका संपली. पाचवी सुरू करायच्या ऐवजी मी माईक नवरदेवाच्या मामाच्या हातात कोंबला आणि स्टेजवरून उतरून पळत सुटलो. त्या मामानं जन्मात कधी माईक धरला नव्हता. तो आधी "हॅलो, हॅलो" म्हणाला आणि मग जमेल तेवढ्या जोरात नुसतंच "सावधान" म्हणत राहिला. मांडव हसायला लागला. शेवटी भटजींनी पुढचं निभावून नेलं. मी परत आलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि बँड वाजत होता. नवरदेवाच्या वडिलांनी मानधनाचं पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि ते पाहुण्यांकडं वळले.

मी सणसरला राहतो. अंथुर्ण्याच्या शाळेत मराठी शिकवतो आणि लग्नसराईत निवेदन करतो. आमच्याकडच्या लग्नात निवेदकाला फार काम असतं. मंगलाष्टका तर असतातच, पण खरं काम असतं ते आलेल्या मंडळींची नावं घ्यायचं. कोण कुठला चेअरमन, कोण माजी सरपंच, कोण नवरीच्या आत्याचा दीर, सगळ्यांना त्यांच्या त्यांच्या मानानं माईकवरून हाक मारावी लागते, सत्काराला बोलवावं लागतं. आवाज देवानं चांगला दिला होता आणि माणसं जोडायची हौस होती, म्हणून मी त्यात पडलो.

पोटाचं दुखणं मागून आलं. सकाळी कार्यालयाच्या कमानीतून आत शिरलो की बेंबीच्या खाली कुणीतरी ओलं धोतर पिळावं तसा पिळा पडायचा. जाऊन आलं की मोकळं वाटायचं. माईक हातात घेतला की पुन्हा पिळा. शाळेच्या दिवसात त्रास कमी, दिवाळीच्या सुट्टीत जवळजवळ नाही आणि तुळशीचं लग्न लागलं की मात्र रोजचा. सणसर ते इंदापूर रस्त्यावर कुठल्या पंपावरचं संडास धुतलेलं असतं आणि कुठल्या हॉटेलात किल्ली मागून घ्यावी लागते, हे मला तोंडपाठ झालं होतं. लग्नाच्या दिवशी मी काही खायचोच नाही. दुसऱ्यांना "जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये" असं माईकवरून सांगायचं आणि आपण उपाशी घरी यायचं, असं सात-आठ वर्षं चाललं.

तपासण्या सगळ्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, काही बाकी ठेवलं नाही. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, "आतडं एकदम चांगलं आहे. याला आयबीएस म्हणतात, म्हणजे आतडं नुसतं हळवं झालंय. जिवाला धोका नाही. गोळ्या देतो, पण तुम्ही टेन्शन घेऊ नका." गोळ्यांनी थोडं बरं वाटायचं. टेन्शन कसं घ्यायचं नसतं, ते मात्र कागदावर लिहिलेलं नव्हतं. गावात ज्याला कळलं त्यानं औषध सांगितलं. बेलाचा मुरंबा, डाळिंबाची साल, ताकातला ओवा, इसबगोल, मी सगळं खाल्लं. बायको म्हणायची, "एकाच ताटातलं आपण दोघं खातो. मला काय होत न्हाय आन् तुमचंच पोट कसं बिघडतं?"

इंदापूरच्या त्या प्रसंगानंतरच्या रविवारी माझी भाची आली. ही माझ्या धाकट्या बहिणीची पोरगी, डॉक्टर व्हायला चीनला गेलेली. तिकडचं शिक्षण पुरं करून, इकडची परीक्षा पास होऊन ती बारामतीच्या एका दवाखान्यात इंटर्नशिप करत होती. चहा पिता पिता बायकोनं तिला सगळं सांगून टाकलं. माईक, मामा, सावधान, सगळं.

भाची आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "मामा, एवढी वर्षं तुम्ही मला का सांगितलं नाही?"

"भाचीला काय सांगायचं? तुझ्या मामाला संडासला लागतं म्हणून?"

"मी डॉक्टर आहे. मला दिवसभर लोक तेवढंच सांगतात."

तिनं माझी फाईल मागून घेतली आणि एकेक कागद वाचला. रक्त पडतं का, वजन उतरलं का, झोपेतून उठून जावं लागतं का, हे विचारलं. तिन्हीला मी नाही म्हटल्यावर तिनं फाईल मिटली. "इथपर्यंत मी इकडची डॉक्टर होते," ती म्हणाली. "आता तिकडच्यासारखं विचारते."

आणि तिनं जे विचारायला सुरुवात केली ते दुपारच्या जेवणापर्यंत. थंड पाणी आवडतं की कोमट? घाम कुठं जास्त येतो? राग आला की काय करता? पहाटे किती वाजता जाग येते? स्वप्नं कसली पडतात? मग माझं मनगट उशीवर ठेवून तीन बोटांनी नाडी बघितली. एका हाताची झाली, मग दुसऱ्या हाताची. मग म्हणाली, "जीभ बाहेर काढा."

ओट्यावर बाजेवर बसलेले आबा, म्हणजे माझे वडील, हे सगळं बघत होते. आबांनी तरुणपणी मेंढरं राखली. आमची मेंढरं जाऊन ऊस आला त्याला आता बरीच वर्षं झाली, पण आबांची गोष्ट निघते ती मेंढरांवरनंच. ते म्हणाले, "एवढं कशाला इचारतीस गं? माळावर लांडगा दिसला की मेंढरं जाग्यावर पातळ हगायची. खाल्लेलं त्येच गवात, पेलेलं त्येच पानी. लांडगा गेला की लेंड्या पुन्यांदा घट्ट. ह्येला बी कसला तरी लांडगा दिसतुया."

भाची वहीत लिहायची थांबली. "आबा," ती म्हणाली, "हे आमच्या पुस्तकात दोन धड्यांत लिहिलंय."

मग तिनं मला समजावून सांगितलं. पोटात नसांचं मोठं जाळं असतं आणि त्याचं नि मेंदूचं दिवसभर बोलणं चालू असतं. वरून भीतीचा निरोप आला की आतडं आवळतं, आणि आतडं आवळलं की खालून वर निरोप जातो की काहीतरी बिघडलंय, घाबर. दोघं एकमेकांना घाबरवत बसतात. "दुखणं खोटं नाही, मामा. मनाचे खेळ आहेत असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पिळा खराच पडतो. फक्त तो आतड्याच्या जखमेनं पडत नाही."

चिनी वैद्य हेच वेगळ्या भाषेत सांगतात, असं ती म्हणाली. त्यांच्या हिशेबात यकृत म्हणजे घरातला तापट थोरला भाऊ आणि प्लीहा म्हणजे चुलीपुढची धाकटी भावजय. थोरला आतल्या आत धुमसायला लागला की भावजयीचं लक्ष उडतं आणि स्वयंपाक बिघडतो. औषध द्यायचं ते दोघांना. थोरल्याला शांत करायचं आणि भावजयीला बळ द्यायचं. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "त्या वैद्याला म्हनावं आमच्या घरी येऊन ऱ्हायलास का रं कधी!"

भाचीला हे सगळं माहीत असण्याचं कारण तिचं स्वतःचं पोट होतं. पहिल्या वर्षी तिकडची थंडी, परकी भाषा आणि घरची आठवण, या सगळ्यानं तिचंही असंच झालं होतं. तेव्हा त्यांना पारंपरिक वैद्यक शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिला तीन महिने काढा दिला होता. बाकीची पोरं त्या तासाला झोपायची, ही पुढच्या बाकावर बसायला लागली. पण ती मला स्पष्ट म्हणाली, "मी त्या औषधाची डॉक्टर नाही. मला थोडं कळतं. देणार असतील तर बाई देतील."

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या अंगणात चीनचा व्हिडिओ कॉल लागला. तिकडं दुपार झाली होती. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या, गोल चष्म्याच्या बाई दिसल्या, हातात चहाचा झाकणाचा पेला. उजेड नीट पडावा म्हणून भाचीनं मला उन्हात उभं केलं आणि जीभ बाहेर काढायला लावली. मी डोळे मिटून, जीभ लांब करून फोनसमोर उभा. नेमका तेव्हाच शेजारचा दूध घालून परत आला. त्यानं सायकल थांबवली. त्याची बायको आली. मग समोरच्या घरातली दोघं-तिघं आली. शिक्षक माणूस अंगणात उभा राहून फोनला जीभ दाखवतोय, हे काय आहे हे विचारायचं धाडस कुणाला होईना.

बाई भाचीशी चिनीत बोलल्या. भाचीनं मराठीत सांगितलं, "जिभेच्या कडेला दातांचे वळ आहेत म्हणतात. आणि त्या विचारतात, हा माणूस कशाला भितो?"

मी म्हणालो, "कशालाच नाही."

बायको पुढं झाली. "नाव चुकायला भित्यात," ती थेट फोनकडं बघून म्हणाली, जणू बाईंना मराठी कळत होतं. "अंथुर्ण्याच्या लग्नात एका तात्यांचं नाव ऱ्हायलं. ते उठलं, ह्यांच्या हातातला माईक घेतला आन् सगळ्या मांडवाम्होरं म्हनाले, ज्याला मानसं वळखता येत न्हाईत त्येनं माईक धरू नये. तवापासनं हे असं झालंय."

खरं होतं. तात्या म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. तसं बोलून ते तरातरा मांडवाबाहेर निघून गेले होते आणि मी उरलेलं लग्न कसं पार पाडलं ते मला आठवत नव्हतं. पोटाचं आणि त्या दिवसाचं नातं मी कधी जोडलंच नव्हतं. बायकोनं जोडलं होतं आणि सात-आठ वर्षं कुणीतरी विचारायची वाट बघत होती.

भाचीनं भाषांतर केलं. बाईंनी चहाचा एक घोट घेतला आणि त्या एकच वाक्य बोलल्या. भाची म्हणाली, "औषध मी देईन म्हणतात, पण आधी त्या तात्यांना भेटून या."

औषध यायला महिना गेला. भाचीची एक मैत्रीण अजून तिकडंच शिकत होती, ती सुट्टीला येताना बाईंच्या दवाखान्यातल्या पुड्या घेऊन आली. प्रत्येक पुडीवर चिठ्ठी. आत कसल्याशा मुळ्यांच्या पांढऱ्या चकत्या, दुसऱ्या मुळ्यांचे खरबरीत तपकिरी तुकडे, बारीक काड्या आणि जुनी वाळलेली संत्र्याची साल. साल बघून बायको म्हणाली, "ही तर आमी उकिरड्यावर टाकतो." बाकीच्यांची नावं बाजारात विचारत बसू नका, दुकानदार भलतंच काहीतरी बांधून देईल, अशी भाचीनं ताकीद दिली. काढा सुरू करायच्या आधी तिनं माझं रक्त तपासून घेतलं आणि महिन्यानं पुन्हा तपासायचं ठरवलं. "झाडपाला आहे म्हणून काही होत नाही, असं समजायचं नाही," ती म्हणाली.

काढ्याला अॅल्युमिनियम चालत नाही म्हणून बारामतीहून मातीचं भांडं आणलं. अर्धा तास भिजवायचं, मंद आचेवर आटवायचं, गाळून कोमट प्यायचं, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दिवशी वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. ओल्या पोत्यात सुंठ आणि माती मिसळून ठेवावी तसा वास. शेजारीण भिंतीवरून विचारायला लागली, "काय शिजीवताय?" बायको म्हणाली, "चीन."

चव म्हणाल तर पहिले आठ दिवस मी नाक दाबून प्यायलो. मग सवय झाली. त्याच्याबरोबर बाईंनी बाकीचं पथ्यही लावलं होतं. जेवताना फोन बघायचा नाही. सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही, लग्न असलं तरी. फ्रिजचं पाणी बंद. संध्याकाळी कालव्याच्या कडेनं चालायचं, पण घाईनं नाही. आबा माझ्याबरोबर चालायला लागले. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघं एवढं बोललो नव्हतो.

तीन आठवड्यांनी मला जाणवलं की शाळेत सकाळच्या पहिल्या तासाला मी दाराकडं बघत नाही. बस एवढंच. पण ते मोठं होतं.

तात्यांकडं जायचं मी टाळत होतो. भाची दर रविवारी विचारायची, "बाईंना काय सांगू?" शेवटी एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी गाडी तात्यांच्या वस्तीकडं वळवली. वाटेत पिळा पडला. मी गाडी थांबवली, दहा वेळा सावकाश श्वास घेतला, भाचीनं शिकवला होता तसा. पिळा थोडा उतरला. पुढं गेलो.

तात्या ओट्यावर बसले होते. वाळले होते, पण आवाज तोच. मी नमस्कार केला आणि जे ठरवून गेलो होतो ते एका दमात बोलून टाकलं. "तात्या, त्या लग्नात तुमचं नाव राहिलं ती माझी चूक होती. त्यानंतर तुमची माफी मागायची राहिली. ती मागायला आलोय."

तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कंचं लगीन?"

मी सांगितलं. माईकचं सांगितलं, ते काय बोलले तेही सांगितलं. तात्या एकदम मांडीवर थाप मारून हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"आरं मास्तर," ते म्हणाले, "त्या दिवशी माझं प्वाट गेलतं! सकाळधरनं कळा येत हुत्या. पैल्या रांगंत बसलेलो, मदीच उठलं तर लोकं म्हनत्याल तात्या रुसून गेलं. म्हनलं एकदा सत्कार झाला की पळू. आन् तू आपला येकेकाचं नाव घेतुयास, घेतुयास, माझं काय घीना! मला दम निघंना. मग म्हनलं रागावून तरी जावं, म्हंजी मानसं वाट देत्याल."

मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. "म्हणजे तुम्ही बाहेर गेलात ते..."

"कार्यालयाच्या मागं! दुसरीकडं कुठं जानार?" तात्या डोळे पुसत म्हणाले. "मला वाटलं तुला कळलं आसंल. तू बी का रातंदिस त्येच धरून बसलास व्हय?"

तात्यांच्या सूनबाईंनी आणलेला चहा मी त्या दिवशी बशीत ओतून सगळा प्यायलो. मग मी माझी पोटाची कथा सांगितली, तात्यांनी त्यांची सांगितली. त्यांचं पोट माझ्यापेक्षा दहा वर्षं जुनं निघालं. पंचायत समितीच्या सभांना जाताना त्यांनी काय काय युक्त्या केल्या होत्या, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. सूनबाई आत तोंडाला पदर लावून हसत होत्या. काळोख पडायला आला तेव्हा मी उठलो. तात्या म्हणाले, "तो चीनचा काडा मला बी आन."

भाचीनं मात्र तो दिला नाही. तात्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू होती, बीपीची होती. तिनं त्यांना आधी तिच्या दवाखान्यात तपासायला बोलावलं. तात्या तिच्याकडं तासभर बसून आले आणि मला फोन केला, "मास्तर, औषध काय दिलं न्हाय पोरीनं, पर इचारलं लई. यवढं मला बायकूनं बी कधी इचारलं न्हवतं."

तीन महिन्यांनी बाईंनी काढा बंद करायला सांगितलं. पोट बरं झालं का, असं लोक विचारतात. पुष्कळ झालं, पुरतं नाही. एखाद्या सकाळी पिळा पडतो, पण तो पूर्वीसारखा मला पळवत नाही. गुण काढ्याचा, पथ्याचा, कालव्याकडेच्या चालण्याचा, की तात्यांच्या हसण्याचा, ते मला वेगळं काढून सांगता येत नाही. मी भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मलाही सांगता येत नाही, मामा. आणि ज्याला ठामपणे सांगता येतं त्याच्याकडं तुम्ही जाऊ नका." बारामतीच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी काढ्याच्या चिठ्ठीचा फोटो फाईलला लावून ठेवला आणि त्यांच्या गोळीचा डोस अर्धा केला.

निवेदनात मी एक बदल केला. नावांची यादी सुरू करायच्या आधी माईकवरून सांगतो, "एखादं नाव राहिलं तर ती माझी चूक समजा आणि मला हक्कानं खूण करा." लोक खरंच खूण करतात. कुणी टोपी हलवतं, कुणी लांबून बोट स्वतःच्या छातीवर ठेवतं. मी नाव घेतो आणि मांडव हसतो.

मागच्या महिन्यात भिगवणला एक लग्न होतं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून घरच्यांना घेऊन पुन्हा तिकडंच गेलो, हायवेच्या कडेच्या हॉटेलात तिथले मासे खायला. आबांनी स्वतः आत जाऊन मासा निवडला आणि मालकाशी वाद घातला. भाचीनं चिनी काड्यांनी खायची पद्धत बायकोला दाखवायचा प्रयत्न केला, उदबत्त्यांच्या दोन काड्या घेऊन. काड्या मोडल्या. मालकानं विचारलं, तिखट कमी करू का? मी म्हणालो, थोडं कमी कर. भाकरी गरम होती, रस्सा लालभडक होता, आणि रस्त्यावरून ट्रक जात असताना आबा काटे काढत काढत माझ्या ताटात मासा वाढत होते.